उजव्या सीटचे पैसे कोणी भरायचे?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. हातात कमर्शियल लायसन्स, मल्टि-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग आहे, लॉगबुकात २१० तास आहेत. एका मध्यस्थाने ए-३२० या एअरबस जेटचं टाइप रेटिंग (म्हणजे त्या ठरावीक विमानावर उडायचा परवाना) आणि त्यापुढे एका विमान कंपनीत ५०० तासांचं 'लाइन ट्रेनिंग' असं पॅकेज देऊ केलंय. सगळे पैसे तू भरायचे, त्या काळात पगार नाही, आणि '५०० तासांनंतर नोकरीसाठी विचार केला जाईल' असं एक वाक्य आहे. दुसरीकडे जिथे शिकलीस तिथलेच लोक इन्स्ट्रक्टर म्हणून ये म्हणतायत, पण पगार जेमतेम. वडील घर तारण ठेवायला तयार आहेत.

माझ्या मुलीएवढी आहेस, म्हणून एकेरीतच लिहितो. पॅकेज घेऊ नकोस. इन्स्ट्रक्टर हो. आता कारणं सांगतो, कारण नुसतं 'नको' म्हणून तुझं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. तुझ्या वयात माझंही झालं नसतं.

पायलटने स्वतःच्या शिक्षणाचे पैसे भरणं यात मुळात गैर काही नाही. एके काळी मोठ्या कंपन्या पोरं निवडून स्वतःच्या खर्चाने घडवायच्या. ब्रिटनमधलं हॅम्बलचं कॉलेज १९६० साली याचसाठी सुरू झालं. तिथून निघालेला मुलगा थेट तिथल्या दोन सरकारी विमान कंपन्यांच्या कॉकपिटमध्ये जायचा. तो काळ गेला. तिकिटं स्वस्त झाली, कंपन्यांनी खर्च छाटायला सुरुवात केली आणि छाटलेला खर्च हळूहळू उमेदवाराच्या अंगावर आला. आधी लायसन्सचा आला, मग टाइप रेटिंगचा, आणि शेवटी कुठे कुठे चक्क कॉकपिटमधल्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटचाही. हे तिन्ही खर्च लोक एकाच पिशवीत टाकतात आणि तिथेच फसतात.

लायसन्सचा खर्च तुझा. डॉक्टरला डिग्रीचा असतो तसा. लायसन्स तुझ्या नावावर असतं, कंपनी बुडाली तरी राहतं, कुठल्या एका विमानाला बांधलेलं नसतं. तो खर्च तू केलास, ठीक केलास.

टाइप रेटिंगचं प्रकरण जरा वेगळं आहे. दीड-दोन महिन्यांचा कोर्स. आधी पुस्तकं आणि कॉम्प्युटर, मग सिम्युलेटरमध्ये रोज चार-चार तास इंजिन बंद पाड, आग लाव, हायड्रॉलिक घालव. शेवटी चाचणी, आणि तुझ्यासारख्या नवख्यांसाठी रिकाम्या खऱ्या विमानातून सर्किट्स, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारत उडणं-उतरणं. युरोपातल्या नियमांत साधारण सहा लँडिंग धरलेली असतात. (त्या सहांतलं पहिलं लँडिंग कोणीही विसरत नाही. सिम्युलेटर कितीही चांगला असो, पन्नास-साठ टनांचं धूड खरोखर जमिनीकडे येताना पोटात जे होतं ते त्यात होत नाही.) पण हे रेटिंग नाशवंत माल आहे. ते वर्षभर चालतं, मग पुन्हा सिम्युलेटरमध्ये चाचणी, पुन्हा पैसे. आणि भरती करणारा फक्त कागद बघत नाही, 'या विमानावर शेवटचं कधी उडालीस?' हे विचारतो. रेटिंग आहे पण त्या विमानावर प्रवाशांसह एकही तास नाही, अशी माणसं मी मुलाखतीत ढिगाने पाहिली आहेत. वर्षभराने ती रेटिंग नसलेल्यांच्याच रांगेत उभी असतात, फक्त डोक्यावर जास्त कर्ज घेऊन. शिवाय तू ए-३२०वर पैसे घातलेस आणि त्या वर्षी भरती एटीआर या प्रॉपेलरच्या विमानावर निघाली, तर काय करणार?

तरीही टाइप रेटिंगचे पैसे स्वतः भरणं दर वेळी मूर्खपणा असतो असं नाही. अमेरिकेतल्या साउथवेस्टने अनेक वर्षं उमेदवारांकडून ७३७चं रेटिंग स्वतःच्या खर्चाने मागितलं. लोकांनी ते आनंदाने केलं, कारण पलीकडे भक्कम पगाराची पक्की नोकरी होती. म्हणजे मुद्दा रेटिंगच्या पलीकडे काय आहे याचा. कंपनीचं स्वतःचं पत्र हातात असेल, त्यात रुजू व्हायची तारीख असेल, पहिल्या लाइन फ्लाइटपासून पगार असेल, तर पैसे भरण्याचा विचार कर. मध्यस्थाच्या पत्रावर नको.

त्याहून बरा मार्ग बॉण्डचा. कंपनी रेटिंग करून देते, तू ठरावीक वर्षं सोडून जायचं नाही. गेलीस तर उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने पैसे परत. माझं पहिलं रेटिंग असंच झालं. तीन वर्षांचा बॉण्ड होता आणि तेव्हा मला ती वेठबिगारी वाटली होती. आज वाटत नाही, कारण कंपनीचा पैसा माझ्यात अडकला होता, त्यामुळे मला उडवणं, शिकवणं, पास करणं यात त्यांचाच फायदा होता. बॉण्डमध्ये एवढंच बघ: रक्कम खऱ्या खर्चाइतकीच आहे ना, ती दर महिन्याला कमी होते ना, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर ती माफ आहे ना.

आता तिसरा खर्च, म्हणजे तुझं पॅकेज.

टाइप रेटिंग झालं की तू कायद्याने त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, असतेस. लाइन ट्रेनिंग म्हणजे नेहमीच्या प्रवासी फ्लाइट्स, फक्त डावीकडे ट्रेनिंग कॅप्टन. सुरुवातीच्या काही सेक्टर्सना (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर) मागच्या जंप सीटवर एक सेफ्टी पायलट असतो, तुझा हात बसला की तोही उतरतो. त्यानंतर त्या विमानात कायद्याला लागणारे दोन पायलट म्हणजे कॅप्टन आणि तू. तू नसशील तर विमान निघत नाही. नवख्या माणसाचं खरं लाइन ट्रेनिंग पन्नासएक सेक्टर्सच्या आसपास आटोपतं, लाइन चेक ही शेवटची चाचणी होते आणि विषय संपतो. मग ५०० तास कुठून आले? युरोपातल्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी १५०० तासांपैकी ५०० तास मल्टि-पायलट, म्हणजे दोन पायलट लागणाऱ्या विमानांवरच्या कामाचे लागतात, आणि बऱ्याच कंपन्या जाहिरातीत 'टाइपवर किमान ५०० तास' मागतात. विकणाऱ्याला हा आकडा बरोबर माहीत असतो. तुला जे 'ट्रेनिंग' म्हणून विकलं जातंय त्यातलं पहिलं दीड-दोन महिन्यांचं ट्रेनिंग आहे. उरलेली नोकरी आहे, फक्त पगाराची दिशा उलटी.

हा हिशोब कंपनीच्या बाजूने करून बघ. उजव्या सीटवर कोणीतरी बसवणं तिला भागच आहे. एरवी तो खर्च असतो. ती सीट विकली की तेच उत्पन्न होतं. तुझे ५०० तास संपले की तुला नोकरी देणं म्हणजे येणारं उत्पन्न थांबवून स्वतःहून खर्च सुरू करणं. दारात पुढचा पैसे घेऊन उभा असताना कोण करील? 'विचार केला जाईल' या वाक्याचा अर्थ एवढाच आहे, आणि त्यात कोणी खोटंही बोलत नाही. विचार केला जातोच.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा ज्या कंपनीत ट्रेनिंग कॅप्टन होतो तिचं नाव घेत नाही. काही काळ तिथे असे पैसे भरून आलेले फर्स्ट ऑफिसर येत. त्यातला एक चोवीस-पंचवीसचा, हाताने उत्तम, अभ्यासाने चोख. सकाळी ब्रीफिंगला आला तेव्हा आवाज नाकातून येत होता. विचारलं, "सर्दी झालीय का?" म्हणाला, "थोडीशीच, सर." मी तेव्हाच त्याला परत पाठवायला हवा होता, ती माझी चूक. वर जाताना काही झालं नाही. उतरायला लागलो, दहा हजार फुटांच्या सुमाराला बघतो तर त्याचा डावा हात कपाळावर, भुवईच्या वर अंगठा रुतवलेला, डोळ्यांत पाणी. सायनस बंद पडला होता. कंट्रोलरने दोनदा हाक मारली, त्याला एकदाही ऐकू गेली नाही. मी विमान माझ्याकडे घेतलं, हळू उतरायची परवानगी मागितली, रेडिओही मीच घेतला आणि उतरवलं. म्हणजे उरलेली पंधरा मिनिटं मागच्या लोकांना एकच पायलट होता.

पार्किंगला इंजिनं बंद झाल्यावर विचारलं, "सिक का नाही टाकलंस?" तो म्हणाला, "सर, सिक टाकलं की सेक्टर जातात. परत मिळतील याची खात्री नाही. माझा करार नोव्हेंबरला संपतो, अजून ९० तास बाकी आहेत."

त्याला बेजबाबदार म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पगारी पायलट आजारी पडला तर घरी झोपतो. याने झोपायचेही पैसे भरलेले होते. हीच गत कॅप्टनला टोकण्याची. उतरतानाचा अप्रोच बिघडला की 'गो-अराउंड' (उतरू नका, पुन्हा वर चला) म्हणायचं काम उजव्या सीटचं. ज्याचे तास कॅप्टनच्या मर्जीवर आणि रोस्टरच्या कृपेवर चाललेत त्याच्या तोंडून तो शब्द अर्धा सेकंद उशिरा निघतो. युरोपातल्या पायलटांची संघटना, युरोपियन कॉकपिट असोसिएशन, ही पद्धत बंद करा म्हणून वर्षानुवर्षं ओरडतेय. तिच्या ओरडण्यात पगाराचा स्वार्थ आहे असं समज हवं तर. पण कॉकपिटमधलं मला दिसलेलं चित्र तिच्या म्हणण्याशी जुळतं.

त्या मुलाचे ५०० तास पुरे झाले. त्याच आठवड्यात त्याचं रोस्टर कोरं झालं.

पैशाचं ओझं आणि कॉकपिट यांचा संबंध कुठवर जातो याची दोन उदाहरणं, दोन्ही तपास अहवालांतली. १२ फेब्रुवारी २००९ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं क्यू-४०० हे प्रवासी विमान पडलं, ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर नेवार्कला आली होती. कॅप्टनने आधीच्या काळात पैसे भरून उजवी सीट मिळण्याच्या एका कार्यक्रमातून तास जमवले होते. या अपघातानंतर अमेरिकेने कायदा केला आणि २०१३पासून तिथल्या विमान कंपन्यांत फर्स्ट ऑफिसरलाही साधारण १५०० तास लागू लागले. गंमत अशी की त्या दोघांकडेही १५००हून जास्त तास होते, कॅप्टनचे तीन हजारांच्या वर. म्हणजे नियमाने नेमका आजार पकडला का, यावर वाद आहेच. पण एक झालं: तिथल्या नवख्यांना इन्स्ट्रक्टर होऊन पगारावर तास जमवण्याचा रस्ता हाच राजमार्ग झाला.

दुसरं जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीचं विमान, २४ मार्च २०१५, १५० माणसं. को-पायलटने जाणूनबुजून विमान डोंगरावर घातलं. त्याच्या मनोविकाराला कर्ज जबाबदार होतं असं मी म्हणत नाही, अहवालही म्हणत नाही. पण त्याच्या डोक्यावर प्रशिक्षणाचं कर्ज होतं, आणि फ्रेंच तपास संस्थेने आजार लपवण्यामागच्या कारणांत मेडिकल (उडायला लागणारं आरोग्य प्रमाणपत्र) गेल्यास उत्पन्न बुडण्याची भीती आणि त्यासाठीचा पुरेसा विमा नसणं यांची नोंद केली आहे. म्हणून कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: मेडिकल गेलं तर हप्ते कोण भरणार, हे सही करण्याआधी ठरव. लायसन्स गमावण्याचा विमा मिळतो, तो घे. तुझं घर तारण ठेवण्याचं प्रकरण तर मला अजिबात पसंत नाही. कर्ज तुझं आणि छप्पर आईवडिलांचं, अशा मांडणीत तू कधीच सिक टाकणार नाहीस.

आता तू पाठवलेली कराराची दोन कलमं. पहिल्यात ५०० तास '१८ महिन्यांच्या आत, कंपनीच्या कामाच्या सोयीनुसार' मिळतील असं आहे. हिशोब कर. युरोपात पायलटला कॅलेंडर वर्षात ९०० तासांची मर्यादा आहे, म्हणजे महिन्याला ७५. भरपूर काम असलेल्या कंपनीत ५०० तास सात महिन्यांत होतात. १८ महिने मागणाऱ्याला महिन्याला जेमतेम २८ तास द्यायचे आहेत, म्हणजे आठवड्यात एखाद-दुसरा दिवस उड्डाण, आणि उरलेले दिवस परक्या गावात स्वतःच्या खर्चाने खोलीत बसणं. राहणं, जेवणं, युनिफॉर्म, व्हिसा यांचा पॅकेजमध्ये उल्लेखच नाही हे पाहिलंस का? शिवाय 'सोयीनुसार' म्हटलं की १८ महिन्यांनी ३१० तास झाले असतील तर उरलेले कोणाकडे मागणार? दुसऱ्या कलमात रक्कम 'कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही' आणि ती मध्यस्थाच्या खात्यात जाते. विमान कंपनी करारात पक्षकारच नाही! ती उद्या बंद पडली तर मध्यस्थ हात वर करील आणि कायद्याने तो बरोबरही असेल.

बंद पडणं ही दूरची गोष्ट समजू नकोस. २००८च्या फेब्रुवारीत अमेरिकेतली सिल्व्हर स्टेट ही मोठी हेलिकॉप्टर शाळा एका रात्रीत बंद झाली आणि विद्यार्थी कर्जासकट रस्त्यावर आले. २०२३मध्ये स्कॉटलंडची टेसाइड एव्हिएशन बुडाली. या धंद्यात तेजी-मंदीचा झोका मोठा असतो. २००१, २००८, २०२०, तिन्ही वेळा भरती नळ बंद करावा तशी थांबली. म्हणून या धंद्यात कुणालाही एकरकमी आगाऊ द्यायचं नाही. जेवढं उडशील तेवढंच भरायचं.

इन्स्ट्रक्टरच्या कामाबद्दल तुझ्या लिहिण्यात थोडी नाखुशी दिसली. 'छोट्या विमानात अडकून पडेन' असं म्हणालीस. अडकून पडणारे असतात, खरं आहे. पण ते तास कमांडचे असतात, निर्णय तुझे असतात. शेजारी बसलेला पोरगा फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उशिरा करणार आहे हे त्याच्या खांद्यावरून ओळखायला शिकशील, आणि केव्हा हात घालायचा, केव्हा नाही, हेही. पुढे कॅप्टन म्हणून डाव्या सीटवर हेच करायचं असतं. माझ्याकडे लाइन ट्रेनिंगला आलेल्यांत जे आधी इन्स्ट्रक्टर होते ते रेडिओवर कधी गोंधळायचे नाहीत. क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, पेडलवर पायही चालायचे. सिम्युलेटरमधून थेट आलेल्यांचे पाय बहुधा जमिनीवर विसावलेले असत.

आणि फक्त इन्स्ट्रक्टरच असं नाही. ग्लायडर ओढणं, हवाई सर्वेक्षण, पॅराशूटवाल्यांना वर नेणं. मी स्वतः दोन हंगाम पॅराशूटवाल्यांना उडवलंय. तेरा हजार फुटांवर सगळे उडी मारून मोकळे होतात आणि तुझ्या हातात तापलेलं पिस्टन इंजिन राहतं. घाईने थ्रॉटल मागे ओढलास तर सिलिंडर झटक्यात गार पडून तडकायची भीती. म्हणून थोडं थोडं मागे घ्यायचं, नाक खाली, वेग सांभाळायचा, खाली पुढचे आठजण वाट बघतायत. दिवसातून पंधरा वेळा. इंजिनाची काळजी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. उत्तर कॅनडात नवखे पायलट आधी काही महिने सामान चढवतात, विमानावरचा बर्फ काढतात, मग सीट मिळते. बोट्स्वानात माऊनला जाऊन सफारीवाल्यांच्या छोट्या विमानांवर सुरुवात करणारे कित्येक आहेत. कष्टाची कामं आहेत, पगार कमी आहेत, पण महिन्याच्या शेवटी पैसे तुझ्याकडे येतात.

फक्त दोन गोष्टी सांभाळ. इन्स्ट्रुमेंट रेटिंग मरू देऊ नकोस, दर वर्षी वेळेवर रिन्यू कर, आणि छोट्या विमानात दिवस घालवतानाही अधूनमधून सिम्युलेटरमध्ये बसून अप्रोच उडव, कारण भरतीची परीक्षा तिथेच होते. दुसरं, थिअरी परीक्षांना मुदत असते, तारीख लिहून ठेव. टाइप रेटिंगसाठी बाजूला काढलेले पैसे तसेच राहू दे. दीड-दोन वर्षांत कंपनीचं खरं पत्र आलं तर ते तेव्हा लागतील.

एवढं वाचूनही पॅकेजचा मोह होत असेल, तर मध्यस्थाला एक मेल टाक. एक, विमान कंपनी करारावर सही करील का? दोन, गेल्या वर्षी तुमच्याकडून ५०० तास पुरे केलेल्यांपैकी किती जणांना त्याच कंपनीने पगारावर घेतलं, आणि त्यातल्या दोघांशी मला बोलता येईल का? तीन, मुदतीत तास पुरे झाले नाहीत तर उरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत? उत्तर लेखीच माग. फोनवर ते गोड बोलतील. आलेला मेल मला पाठव, मी वाचून सांगतो. आणि इन्स्ट्रक्टर कोर्सची तारीख तोवर हातची जाऊ देऊ नकोस.